लाल कापडाचा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. तुम्हाला सांगतेय — पण मला चांगली बाई समजून ऐकू नका.

मला माझी थोरली जाऊ आवडत नव्हती. आवडत नव्हती काय — डोळ्यांसमोर नको व्हायची. घरात शिवणमशीन एकच, तेही तिच्या माहेरचं. मला मिळायचं दुपारी दोन ते तीन, ती लवंडायची तेवढा वेळ. तीन वाजले की मेली दारात हजर! त्या तासाभरात मी मोबाइलवर बघून तुकड्यांची गोधडी शिकले. सकाळी भात शिजेपर्यंत तुकडे कापून ठेवायचे, दुपारी नुसतं शिवायचं. स्वतःच्या घरात हौस अशी चोरून करावी लागते का?

मग तिच्या लेकीला मुलगा झाला. तीन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन सासरी जाणार, तर बाळाबरोबर जावेला माझ्यासारखीच तुकड्यांची गोधडी द्यायची होती. जन्मभर जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवलेली बाई — शंभरदा धुतलेल्या कापडाचा रंग काय जाणार? नवं कापड तिने कधी लावलंच नव्हतं. पांढरंशुभ्र आणि लालभडक कापड घेऊन माझ्याकडे आली. "लाल आसा गो, आधी धुवूक व्हया काय?"

मला ठाऊक होतं. पहिल्याच धड्यात सांगितलं होतं — नवं कापड आधी भिजवा, रंग जातो का बघा, मगच कात्री लावा.

मी म्हटलं, "नको वयनी. मोबाइलवरची बाई सांगता, आताच्या कापडाचो रंग पक्को असता. उगाच वेळ जातलो."

जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दोन महिने शिवत होती. माझा तासही तिने घेतला, आणि मी आनंदाने दिला — का, ते कळतंय ना?

लेकीच्या सासरी पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर लाल रंग उतरला. बाळाची झबलीही गेली. लेकीच्या सासूने गोधडी चार बायकांत उघडून दाखवली आणि परत पाठवली.

मी भांडणाची वाट बघत होते, उत्तरं तयार होती. ती आली, खाली बघूनच बोलली. "तू सांगलंस ता बरोबरच आसतला, माकाच समाजला नाय. मशीन आता तुकाच ऱ्हवांदे."

मी "बरां" म्हटलं. त्याच दिवशी मशीन माझ्या खोलीत आणलं.

त्यानंतर तिने सुई हातात धरलेली नाही. परवा ब्लाउजचं हुक तुटलं, तेही माझ्याकडे घेऊन आली. मी लावून दिलं. सांगितलं नाही.