बाळंतिणीची खोली आणि रेशमाचे किडे

गिरणीतल्या पगाराला जोड हवी म्हणून मी घरी रेशमाचे किडे पाळायला घेतले. तुतीवरच्या किड्यांचे कोश किड्यासकट उकळावे लागतात. ते आमच्या घरात होणार नाही, असं बायकोनं आधीच बजावलं होतं. एरंड खाणाऱ्या किड्याचं तसं नाही. पाखरू आपणच कोशातून बाहेर पडतं आणि मागे राहिलेला कोश पिंजून कापसासारखा कातता येतो. पेठेतला एक विणकर ते सूत घ्यायला तयार होता. किडे ठेवायला सुपं किती, पानं किती शेर, सूत किती निघेल, सारं मी मांडून पाहिलं होतं. फक्त वारा न लागणारी खोली आमच्याकडे एकच आहे, हे त्यात कुठं आलं नव्हतं.

रोज पहाटे मोहोळच्या रस्त्यानं जाऊन बांधांवरची पानं आणायची, पुसून घालायची. किडे बोटाएवढे झाले. आता कोश विणायला बसणार, तोच बाळंतपणाला आलेली आमची थोरली दिवसांआधीच बाळंत झाली.

पौषातली थंडी होती. खोली तिलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. सुपं मी स्वतः शेजारच्या खोलीत हलवली. तक्रार होती ती धुरीची. शेगडीत सकाळ-संध्याकाळ ओवा, वावडिंग, बाळंतशोपा पडू लागल्या. मधली भिंत माळवदापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे धूर वरून सरळ इकडे यायचा. ज्यांना उदबत्तीसुद्धा सोसत नाही अशा किड्यांनी पानं सोडली.

चार दिवस नुसते निखारे ठेव, ओवा टाकू नको, असं मी बायकोला विनवलं. आतून लेकच म्हणाली, "आई, राहू दे की. मलाही खोकला येतो त्यानं."

"तू गप पड," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, उद्या पोरीचं अंग आखडलं तर तिच्या सासूला काय सांगू? आमच्या ह्यांचे किडे जेवत नव्हते म्हणून?"

सुईण पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही.

किडे हिरवं पाणी ओकू लागले. दार उघडलं तर थंडी आत यायची, लावलं तर धूर कोंडायचा. बहुतेक किडे मऊ, काळे पडून मेले. उरलेल्यांनी विणलेले कोश मुठीत मावतील इतकेच होते. त्यातून निघालेल्या पाखरांची अंडी फुटलीच नाहीत.

सव्वा महिन्यात लेकीला साधा तापही आला नाही, नातू चांगला बाळसं धरू लागला. म्हणजे बायकोचं म्हणणं खोटं पाडायलाही जागा उरली नाही. खोली सारवून झाल्यावर ती म्हणाली, "आता आणा की तुमचे किडे."

तोवर ऊन तापलं होतं, एरंडाची पानं निबर होऊन गळत होती. नवी अंडी मागवली तरी किड्यांना घालणार काय? हे मी तिला नीट समजावून सांगत होतो. निम्म्यात बाळ रडलं, तशी ती उठून गेली.