रव्यातली अक्षरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे उभी राहिले तरी भलतंच काही मागून मोकळी होते. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

मी मास्तरीण आहे. हैदराबादेतल्या एका लहानशा मराठी शाळेत — नाव विचारू नका — पहिलीला शिकवते. आमची पोरं घरी आजीशी मराठी बोलतात, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू. 'बाई, मेरेकू लिहायला नक्को' असं एका दमात म्हणतात. अशांना वाचायला शिकवणं म्हणजे — जाऊ द्या, उगाच मोठेपणा कशाला? मला ते येतच नव्हतं. मला कुमुदबाईंनी शिकवलं.

कुमुदबाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पहिलीच्याच दुसऱ्या तुकडीच्या बाई. त्यांची एक रीत होती. ताटलीत रवा पसरायचा, पोराचं बोट धरायचं आणि पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं. 'अ' नाही, ज्याच्या-त्याच्या नावाचं अक्षर. चुकलं की ताटली हलवायची, झालं. रागवायचं कारणच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा दिवाळी आली तरी माझ्या पोरांना अक्षर ओळखता येईना. मी वर्गातच रडले होते. बाईंनी मला वर्षभर रोज आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसवून सगळं दाखवलं, आणि कधी कुठं बोलून दाखवलं नाही. त्याच बाई. लक्षात ठेवा हं, त्याच.

चार वर्षांपूर्वी आयटीतल्या पुण्या-मुंबईच्या काही मंडळींनी शाळेला वीस टॅब आणि एक भलामोठा स्मार्ट बोर्ड दिला. ते सगळं माझ्या वर्गात आलं, कारण मला मोबाईल चटचट चालवता येतो — तेवढीच माझी लायकी! मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, की पट घटतोय, पुढल्या वर्षी पहिलीची एकच तुकडी राहील. जिची पोरं बराबर वाचतील तिला ती मिळेल. दुसरीनं ऑफिसात बसून रजिस्टरं लिहायची.

सप्टेंबरपर्यंत मी रवा बाजूला ठेवून टॅबवरच शिकवलं. पोरं जाम खूश. गाणं लागलं की नाचायची, चित्राला बोट लावून आवाज ऐकायची. आणि वाचायची? छे. एकालाही एक शब्द धड येईना.

मग एका सकाळी शाळेत येताना सुलतान बाजारात उतरून मी दोन किलो रवा घेतला. हौ, रवा. वर्गाचं दार लावलं, बोर्डावर बडबडगीतं मोठ्यानं लावली — बाहेर तेवढीच ऐकू जावीत म्हणून — आणि पोरांच्या डब्यांच्या झाकणांत रवा पसरला. कुमुदबाईंची रीत, जशीच्या तशी. अक्षर बोटात बसलं की मग टॅब द्यायचा. तीच पोरं तेच अक्षर शोधत, चुकत, हट्टानं पुन्हा करत बसायची. इतकं छान जमत होतं म्हणून सांगू! आधी बाईंचा रवा, मग टॅब. दोन्ही मिळून. अख्ख्या शाळेत हे मला एकटीला कळलं होतं, आणि मी काय करत होते? फरशी स्वतः झाडून रव्याचा पुरावा मिटवत होते. पोरं घरी सांगायची, बाई रव्याशी खेळायला देतात. आया हसून सोडून द्यायच्या.

मार्चमध्ये ती देणगीवाली मंडळी बघायला आली. माझ्या पोरांनी धडाधड वाचलं. बाईंच्या पोरांनीही वाचलं, पण हल्लू हल्लू. कुणीतरी मला विचारलं, एवढं कसं काय जमवलंत? मी म्हणाले, टॅबमुळं. बस्स. तुकडी मला मिळाली.

इथवर तुम्ही म्हणाल, पोटासाठी माणूस करतो असं. म्हणू नका. खरं पुढंच आहे.

आठवड्याभरानं शाळा सुटल्यावर कुमुदबाई माझ्या वर्गात आल्या. हातात कोरी वही. 'मलाही शिकव गं ते. दोन वर्षं राहिलीत माझी, काही तरी शिकून जाते.' मी शिकवलं. कुठं दाबायचं, कुठं सरकवायचं — त्या सगळं वहीत उतरवून घ्यायच्या, शहाण्या विद्यार्थिनीसारख्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

'खरं सांग. इतकी वर्षं मी पोरांना रव्यात घोळवत बसले. माझ्यामुळं ती मागं पडली का गं?'

वर्गात आम्ही दोघीच होतो. रव्याची पिशवी कपाटात होती, त्यांच्या पाठीशी. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर त्यांनी पुढं विचारलं असतं, मग तुझी कशी काय वाचतात? मी म्हणाले, 'काळ बदलतो, बाई.'

त्यांनी मान हलवली. मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय? मला हायसं वाटलं. त्या पुढं काही विचारत नाहीत म्हणून हायसं वाटलं! इतकी मी नीच.

आता त्या रिटायर होऊन विद्यानगरला मुलाकडे असतात. मी अजूनही दार लावूनच शिकवते. परवा त्यांना भेटायला गेले होते. बोलत बसलो होतो, तेवढ्यात शेजारची बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नांदेडकडची, इथं नवीनच. म्हणाली, 'आजी, हिला अक्षरं शिकवाल का? शाळेत जाते, पण वाचता येत नाही.'

कुमुदबाईंनी हात पदरात घेतले. म्हणाल्या, 'नको गं बाई. माझ्या हातून पोरीचं नुकसान व्हायचं.' आणि कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं. 'हिला विचार. हिला कळतं त्यातलं.'

मी त्या बाईला टॅबवरच्या ॲपचं नाव लिहून दिलं.