लवंग्याच्या डॉक्टरीणबाई

शांताताई गेल्याचं मला त्यांच्या भाचीने, सुजाताने, फोनवर सांगितलं. मी भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि परत येऊन निवडत बसले. त्याला आता महिना झाला. जुईनगरच्या त्यांच्या घरी जाऊन आले, तेव्हा कुठे हे लिहायचं बळ आलं.

शांताताई जनावरांच्या डॉक्टर. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास आमच्या तळवलीजवळच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात त्यांची बदली झाली. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातली ही मुलगी, शिकून डॉक्टर झालेली, तिशीची, एकटी राहणारी. गावाला सगळंच नवीन. पहिले काही महिने लोक बैल घेऊन यायचे, बाई दिसल्या की बैल वळवून परत न्यायचे. पुढे एका अडलेल्या म्हशीला त्यांनी सोडवलं, तिचं रेडकू जगलं, आणि मग बैल परत जायचे थांबले.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, भातशेती तोवर सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती. सकाळी उठून जायचं कुठे, हाच त्याला प्रश्न. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊन गेलेली, मूल नव्हतं. वहिनीला बायका काय काय विचारायच्या, दादाला पुरुष विचारायचे नाहीत, नुसते हसायचे. ते जास्त लागायचं. अशात वाशीला आलेली एक सर्कस मुक्काम हलवायला निघाली. तिच्यातली एक बुटकी घोडी गाभण होती, प्रवास झेपणार नाही म्हणून मालक ती देऊन टाकायला तयार होता. दादा तिला चालवत घरी घेऊन आला. पाठ जेमतेम त्याच्या कमरेला लागायची. सारा गाव बघायला लोटला.

तिला शिंगरू झालं, ते एवढंसं, की वहिनी त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरायची. नर होता. अंगाने लवंगेएवढा आणि तसाच तिखट, म्हणून नाव लवंग्या. दादाच्या तोंडात दुसरा विषय उरला नाही. लवंग्या मोठा होईल, त्याच्यासाठी बुटक्या घोड्या आणायच्या, अंगणभर अशी शिंगरं होतील, लांबून लांबून लोक बघायला येतील. बऱ्याच वर्षांनी मी त्याला असं भरभरून बोलताना ऐकत होते.

लवंग्या वर्षाचा झाल्यावर शांताताईंनी त्याला नीट तपासलं. खाली बसून, जांघेत हात घालून, बराच वेळ. मग म्हणाल्या, एकच वृषण पिशवीत उतरलंय, दुसरं लागत नाही. घाबरू नका, बुटक्या जातीत कधी कधी उशिरा उतरतं, आपण थांबू. दर दोन-तीन महिन्यांनी त्या येऊन बघायच्या. दादा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्या नकारार्थी मान हलवायच्या.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा लवंग्या अंगणात कुणाला येऊ देईना. आपल्या आईच्याच मागे लागायचा, म्हणून तिला वेगळं बांधावं लागलं. एकदा पाणी ठेवायला गेलेल्या वहिनीचा दंड त्याने असा धरला, की दोघांनी मिळून सोडवला. शेजारच्या गावातला एक घोडेवाला म्हणाला, दिसतंय तेवढं एक काढून टाका, बाहेरून खच्ची दिसेल, विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणाला, एक आहे ना, मग शिंगरं होतील, राहू द्या.

शांताताईंनी दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं. पोटात अडकलेलं तसंच ठेवलं तर घोड्याची मस्ती जाणार नाही, उलट घेणारा फसेल आणि कुणाचा तरी जीव जाईल. पुढे तिथे गाठही होऊ शकते. आणि हे व्यंग पिलांत उतरतं, म्हणून याच्यापासून शिंगरं घ्यायची नाहीत. दोन्ही काढायची. पोटातलं शोधावं लागेल, लहान घोड्याला भूल देणं जोखमीचं, हेही त्यांनी लपवलं नाही.

दादा खांबाला टेकून उभा होता. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हनजे हा घोडाच नाय, असंच ना?"

मला आजही वाटतं, तो लवंग्याबद्दल विचारत नव्हता.

शांताताईंनाही ते कळलं असावं. त्या हातातली पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "दादा, घोडाच आहे तो. उद्याही घोडाच राहील. त्याला पिलं होणार नाहीत, एवढंच. त्याने कुणी कमी होत नाही."

वहिनी दारात होती. दंडाला अजून पट्टी होती. ती म्हणाली, "बाई, तुमी करा. आमाला तो पायजे. त्याची पोरं नसली तरी चालल."

दादाने मान वर केली ती तिच्याकडे बघायला.

हिवाळ्यातल्या एका सकाळी अंगणात पेंढा पसरून ऑपरेशन झालं. मुंबईहून शांताताईंचे एक वयस्क सर मदतीला आले होते. दादाने लवंग्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दुसरं वृषण लवकर सापडेना. सर हळूच म्हणाले, अजून थोडा वेळ, नाहीतर शिवून घ्यावं लागेल. शांताताईंच्या कपाळावरचा घाम वहिनी पुसत होती... आणि मग त्यांनी दोन बोटांत धरून ते बाहेर काढलं, सुपारीएवढं, मऊ. दादाला दोन्ही दाखवली, म्हणाल्या, हे बघून ठेवा, उद्या कुणी शंका काढली तर तुम्हालाच सांगायचंय. पण लवंग्या उठेना. ऊन अंगणात आलं तरी उठेना. शांताताई त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिल्या, चहाही घेतला नाही. शेवटी त्याने पुढचे पाय रोवले, लटपटत उभा राहिला, आणि वहिनीच्या हातातलं गवत ओढलं. दादा घरात निघून गेला. रडायला गेला होता, हे आम्ही कुणी बोललो नाही.

मस्ती उतरायला काही महिने गेले. पण तो शांत होत गेला, आईशेजारी पुन्हा बांधता येऊ लागला. मग सारसोळ्याच्या एका वरातीच्या घोडेवाल्याची बँडला बुजणारी घोडी शांताताईंनी आमच्याकडे पाठवली. लवंग्याच्या सोबतीने ती थंडावली. मागून दुसरी आली. एकदा आई मेलेलं शिंगरू आलं. ते लवंग्याच्या पोटाखाली जाऊन उभं राहिलं, आणि हा हलला नाही. दादाचं अंगण भरत गेलं. त्याचं नुसतं पोटच भरलं त्यावर असं नाही, त्याला सकाळी उठून जायला जागा मिळाली. बुजऱ्या जनावरांसाठी लोक त्याचं नाव काढत येऊ लागले. शेवटपर्यंत तो सांगायचा, हे सगळं आमच्या लवंग्यानं वाढवलंय. आणि वहिनी हसायची.

शांताताईंची एक सवय सांगायची राहिली. कुठल्याही जनावराकडे त्या थेट जात नसत. गोठ्याच्या दारात थांबायच्या, हात खाली सोडून, गप्प. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, आपण त्याला बघायला आलोय, आधी त्याला आपल्याला बघू दे.

परवा जुईनगरला गेले तेव्हा सुजाता म्हणाली, मावशीने जिन्यातला एक कुत्रा घरात घेतला होता, ती गेल्यापासून तो तिच्या पलंगाखालून निघत नाही. खाणं आत सरकवावं लागतं, हात लावू देत नाही. मी खोलीच्या उंबरठ्यावर थांबले. हात खाली सोडले. पलंगावर धुतलेली चादर होती, खिडकी उघडी होती. सुजाता मागे काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो... बऱ्याच वेळाने पलंगाखालून एक काळं नाक बाहेर आलं.