दिव्यानं खाली बघावं

नाशिक रोडला उजेडाचा सगळ्यात कडवा शत्रू कोण, असे विचाराल तर मी आमच्या घरमालकीणबाईंकडे बोट दाखवीन, आणि त्यांना त्याचा अभिमानच वाटेल. नोकरीभर प्रेसमध्ये दिव्याखाली बसून त्यांनी छापील कागदांतले दोष शोधले. निवृत्त झाल्यावर त्या दिव्यांचेच दोष शोधू लागल्या. संध्याकाळी फिरायला निघतात त्या छत्री उघडून. ऊन नाही, पाऊस नाही, खांबावरचा दिवा मात्र डोळ्यांत येतो. "दिव्यानं खाली बघावं," असे त्यांचे म्हणणे. परका उजेड घरात शिरला का, हे त्या पेपरवरून ठरवतात. आपला दिवा मालवून पेपर उघडायचा. मथळा वाचता आला तर शेजाऱ्याला सांगायचे, बारीक अक्षर वाचता आले तर भांडायचे. समोरच्या बंगल्यातल्या साहेबांना बाईंनी त्यांच्याच गेटच्या दिव्यात, आपल्या पलंगावर बसून, खिडकीतून अख्खे पान मोठ्याने वाचून दाखवले. निधनवार्ता सुरू झाल्या तेव्हा साहेबांनी दिवा बंद केला.

मी त्यांची भाडेकरू. हा सगळा मला विरंगुळा वाटे, कारण मी म्हणजे गंभीर कार्यकर्ती, पत्रके काढणारी. पण यंदा गणपती गेले तरी मखमलाबादकडच्या माझ्या मामाच्या शेवंतीला निम्म्या वावरात कळीच आली नाही. त्याचे वर्षाचे पीक तेच. मामा रोपवाटिकेवाल्याला शिव्या देत होता. मी घरी हे सांगितले तर बाईंनी एकच विचारले, "शेजारी दिवा आहे का गं?"

होता. नव्या लॉन्सच्या भिंतीवर चार मोठे दिवे, लग्न असो नसो रात्रभर चालू. मी बाईंना वावरात घेऊन गेले. दिवेलागण झाल्यावर बाई पेपर वाचत भिंतीपासून शेवंतीची एकेक ओळ मागे सरकू लागल्या. मामा मला हळूच म्हणाला, "लय शिकलेल्या दिसतात." मग बाई थांबल्या. "इथून अक्षर दिसत नाही." मामाने वाकून पाहिले. तिथूनच कळ्या सुरू होत होत्या. कळी धरायला शेवंतीला लांब अंधारी रात्र लागते, हे मला त्या दिवशी कळले.

मी अर्थातच पेटले. 'उजेडाचे अतिक्रमण हटवा' असे पत्रक काढून महापालिकेत निवेदन द्यायला गेले. टेबलामागचे गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "आवाजाची तक्रार असेल तर घेतो, मॅडम. उजेडाची कुठे लिहू?" यावर स्पष्ट स्थानिक नियम हवा, हे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणते, प्रत्येक वावराच्या नशिबी आमच्या बाई नसतात.

बाई म्हणाल्या, "नियम येईल तेव्हा येईल. तोवर पत्रा आण." तेलाचे डबे कापून त्यांनी चार टोप्या केल्या आणि आम्हा दोघांना घेऊन थेट लॉन्सच्या मालकाकडे गेल्या.

"लग्नांना फुलं कुठली घेता?"

"शेजारचीच की, काकू. मामांची शेवंती."

"मग तिला झोपू द्या."

"फुलं झोपतात होय?"

"तुमच्या उशाशी यातला एक दिवा लावून बघा."

मालक हसला, आणि शिडीही त्यानेच धरली. मामाने टोप्या बसवल्या, दिव्यांनी माना खाली घातल्या. दसरा गेला, दिवाळीही गेली, पण तुळशीच्या लग्नाला भिंतीकडच्या ओळी पिवळ्या झाल्या.

मामा पाटीभर फुले घेऊन आला, त्या संध्याकाळी बाईंनी खुशीत आपला दिवा मालवला आणि पेपर डोळ्यांजवळ धरला. "एक अक्षर दिसत नाही. गल्ली सुधारली बघ."

मी त्यांच्या मागे उभी होते. समोरच्या नव्या दुकानाच्या पाटीचा उजेड थेट पानावर पडला होता. मला निधनवार्तांतली वयेसुद्धा वाचता येत होती.

"हो, सुधारली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. पत्रक नेले नाही. तेलाचा डबा आणि कात्री नेली.