उस्मानभाईंचं स्पीड हँडल

गॅरेजमध्ये नट हरवतात, वॉशर हरवतात, दहा नंबरची गोटी तर ठेवली तिथं कधीच सापडत नाही. किस्से मात्र हरवत नाहीत. त्यातून किस्सा माझ्या फजितीचा असला तर तो तेलपाणी करून जपला जातो!

अक्कलकोट रोडला उस्मानभाईंचं गॅरेज आहे. दर रविवारी सकाळी तिथं आमची बैठक. उस्मानभाई, यंत्रमाग दुरुस्त करणारे लूम फिटर श्रीनिवासअण्णा आणि मी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नंतर सांगायला लाज वाटेल.

आम्हा तिघांचं वेड एकच, हातानं फिरवायची जुनी स्पीड हँडलं. सुताराच्या गिरमिटासारखी वाकवलेली सळई असते, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्याला नटावर बसणारी गोटी, म्हणजे सॉकेट. आधी लांब दांड्यानं नट ढिला करायचा, मग हँडल लावायचं, मूठ दाबायची आणि गरागरा फिरवायचं. हल्ली हे काम हवेवरची गन करते. तिच्या आवाजानं माझं डोकं उठतं.

माझ्याकडे अशी सतरा हँडलं आहेत. पण जीव अडकलाय अठराव्यात! उस्मानभाईंना ते त्यांच्या उस्तादांनी दिलेलं. दोघांच्या तळव्यांनी मूठ अशी गुळगुळीत झालीय की हातात घेतलं की सोडवत नाही. एकदा धीर करून मागितलं.

"शोभेला न्हाय देणार, सर," उस्मानभाई म्हणाले. "चाकाचे चार नट माझ्यासमोर नीट काढून दावा. त्याच दिवशी घेऊन जावा की."

चार नट! मी म्हटलं, पुढच्या रविवारी हँडल घरी. त्याला आता तीन वर्षं झाली.

*

पहिल्या रविवारी नट ढिलाच होईना. दांड्यावर लोंबकळलो, तरी नाही. शेवटी दोन्ही पायांनी दांड्यावर उभा राहिलो. वर्गात मुलांना तरफ शिकवताना मी फार रंगतो, ते सगळं आठवलं. तेवढ्यात गोटी निसटली.

अण्णा चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "नट जागेवर हाय. सर तेवढे सुटले!"

*

मंगळवार बाजारात एक हँडल दिसलं. गंजलेलं, पण काय घडण! असला प्रकार मी कधी पाहिला नव्हता, म्हणजे नक्कीच दुर्मीळ. आठवडाभर घासलेट लावून घासलं. बायको म्हणाली, "माझ्या स्टीलच्या डब्यांना कधी असं घासलं नाहीत." मी दुर्लक्ष केलं. संग्राहकाला घरचे कधी ओळखत नाहीत!

रविवारी मोठ्या दिमाखात गॅरेजात नेलं. पेटीत मखमल घातली होती. उस्मानभाईंनी उलटसुलट करून पाहिलं, अण्णांकडे दिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, जळतायत.

"सर," उस्मानभाई शेवटी म्हणाले, "ह्याच्यानं बर्फाचा गोळा लई चांगला निघंल. नट न्हाय निघायचा."

गोळेवाल्याच्या मशीनचं हँडल! मखमल अजून आहे माझ्याकडे.

*

मग म्हटलं, सराव कमी पडतोय. गॅरेजात एक जुनी जीप आली होती, तिच्या इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचे बोल्ट काढायचे होते. मी आडवा झालो आणि सरपटत आत गेलो. आत गेल्यावर विचार केला. तिथंच चुकलं! आपण खाली उताणे, बोल्ट वर, म्हणजे डावं-उजवं उलटं होणार. शास्त्रीय दृष्टिकोन! पंधरा मिनिटं घाम गाळून एकेक बोल्ट जीव खाऊन फिरवला. तिसऱ्या बोल्टाची मुंडीच हातात आली.

उस्मानभाईंनी खाली वाकून पाहिलं. "सर, काढताय का बसवताय?"

"काढतोय!"

"मग राहू द्या. कंपनीनं बी इतके घट्ट बसवले नव्हते."

*

घरी तरी इज्जत असावी म्हणून मी कूलरच्या स्टँडचे नट काढायला घेतले. हँडल असं फिरलं म्हणता! सर्रर्र एक, सर्रर्र दोन. बायको दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. लग्नानंतर असं पहिल्यांदाच. त्या भरात चारही काढले. कूलर वरच होता, पाण्यानं भरलेला.

फरशी पुसताना ती एवढंच म्हणाली, "स्पीड बघून मला वाटलं, येतं तुम्हाला."

*

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. उस्मानभाई गॅरेज पुतण्याच्या हवाली करून मुलीकडे गुलबर्ग्याला चाललेत, कायमचे. गुडघे गेले. रविवार शेवटचा.

फार वाईट वाटलं. हँडल जाणार म्हणून की उस्मानभाई जाणार म्हणून, मला सांगता येईना. खरं सांगायचं तर दोन्ही.

रविवारी अकराला पोहोचलो. दारात एक पांढरी गाडी, बाजूला स्टुलावर तिचे मालक, तोंड पाडून बसलेले. उस्मानभाईंनी खिळ्यावरचं हँडल काढून माझ्या हातात दिलं. "शेवटचा चान्स, सर."

दांडा लावला. बिस्मिल्ला पण म्हटलं, गणपती पण म्हटलं. आणि काय सांगू! पहिल्याच झटक्यात नट हलला. दुसरा हलला. तिसरा, चौथा! मग हँडल लावलं, मूठ दाबली, गरागरा! गोटी एकदासुद्धा निसटली नाही. चार नट तळहातावर घेऊन उभा राहिलो. दमसुद्धा लागला नव्हता!

"घेऊन जावा," उस्मानभाई म्हणाले. "पण वापरा, सर. भिंतीला नका लावू." आणि पाठ फिरवून हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. माझेही डोळे भरून आले.

पण गप्प बसेन तर मी कसला! गाडीच्या मालकांकडे वळून म्हटलं, "बघितलंत? याला म्हणतात तरफेचा नियम!"

"बघितलं की," ते वैतागून म्हणाले. "सकाळी नवापास्नं तेच बघत बसलोय. पंक्चर काढून द्या म्हटलं, तर उस्मानभाईंनी चारी नट ढिले करून ठेवले आणि म्हणाले, आता हात लावायचा न्हाय. सर येऊ द्यात."