पहिलीची बिस्किटं

दवाखान्याच्या कपडाखोलीत शिलाईबाईंनी अठ्ठावीस वर्षं फाटक्या चादरी शिवल्या. ठिगळ आजाऱ्याच्या पाठीला टोचता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट. लग्न उशिरा झालं, तेही बिजवराशी. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं; सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. त्यांची पहिली बायको तरुणपणीच आजारात गेली होती. घरात तिचा फोटो नव्हता, विषयही निघत नसे. बाईंनीही कधी विचारलं नाही. मेलेल्या सवतीशी भांडणार तरी कसं, असं त्या मैत्रिणींना हसत सांगायच्या.

सत्तरी उलटल्यावर चष्मेवाल्यांना विसर पडायला लागला. एकाचा चष्मा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हाती दिला. दुकानाची गल्ली चुकली. दुकान बंद करावं लागलं. मग एका सकाळी, जन्मभर बायकोला ‘अगं’ म्हणणारा हा माणूस चहाचा कप घेताना अदबीनं म्हणाला, “तुम्ही कशाला त्रास घेतलात, बाई?”

पुढे त्यांचं जेवण तुटलं. ताट सरकवायचे आणि शेंगदाण्याची बिस्किटं मागायचे, ‘ती करते ती’. बाईंनी जन्मात बिस्किटं केली नव्हती. ती म्हणजे कोण, हे त्यांना लगेच कळलं. दोन दिवस त्या ताटच पुढे करत राहिल्या. मग पहिलीच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. या ताईंशी त्यांची जेमतेम दोनदा, तीही नात्यातल्या लग्नांत, गाठ पडली होती.

ताईंनी कोण बोलतंय ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, त्यात काही विशेष नाही. शेंगदाणे भाजायचे, सालं काढायची, तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत वाटायचे. त्यात साखर आणि एक अंडं. पीठ घालायचंच नाही. गोळे काट्यानं दाबून ओव्हनमध्ये ठेवायचे.

पहिला घाणा करपला. दुसरा गरम असतानाच उचलला म्हणून त्याचा भुगा झाला. तिसरा बाईंनी पूर्ण गार होऊ दिला आणि एक बिस्किट नवऱ्याच्या हातात ठेवलं. ते डोळे मिटून सावकाश चघळत राहिले. मग त्यांनी थेट बाईंकडे पाहिलं.

“अगं, किती दिवसांनी केलीस. कुठे गेली होतीस?”

दीड वर्षानं तो शब्द कानावर आला होता, आणि तो त्यांच्यासाठी नव्हता. बाईंनी पदराला हात पुसले.

“इथेच होते,” त्या म्हणाल्या. “खा.”

त्यानंतर आठ महिने आठवड्यातून दोनदा घरात शेंगदाणे भाजले गेले. बिस्किट खाल्लं की चष्मेवाले बोलायचे. पहिली गेली त्या दुपारी ताईंनी घरी थांबायला सांगितलं असूनही ते दुकानात गेले होते. ते त्यांना आत खात होतं. रागावलीस का, असं ते पुन्हा पुन्हा विचारायचे. नाही रागावले, असं बाई दर वेळी सांगायच्या. जिला कधी पाहिलंही नाही तिच्या वतीनं त्यांनी नवऱ्याला कितीदा माफ केलं, याला गणती नाही.

एकदाच त्यांना राहवलं नाही.

“आणि इथे शिवत बसते ती बाई? ती कशी आहे?”

चष्मेवाल्यांनी खूप विचार केला.

“चांगली आहे. फार राबते बिचारी. तिला म्हणावं, घटकाभर बसत जा.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

हिवाळ्याच्या तोंडावर, दुपारी झोपेतच ते गेले. ताई आल्या. चार दिवस राहिल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी त्यांना त्या माफीचं सगळं सांगितलं. चाळीस वर्षं ताईंनी त्याच एका दुपारपायी मेहुण्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. “मला फोन करून बोलला असता तर,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. दोघी गुडघेदुखीबद्दल बोलतात, औषधांबद्दल बोलतात. कधी कधी ताई बहिणीच्या लहानपणच्या खोड्या सांगतात, आणि बाई हातातलं शिवण बाजूला न ठेवता ऐकत राहतात.