हिरामावशीचा उजवा डोळा

स्वतःच्या मुलाच्या होडीतून उतरलेला मासासुद्धा हिरामावशी कल्ले उघडून बघायची. मुलगा वैतागायचा, "आये, आत्ताच जाल्यातून काडलाय गो!" तरी ही पोटाला अंगठा दाबणार, बोट नाकाशी नेणार आणि मगच तो मासा पाटीत टाकणार. मुरुडच्या मासळी बाजारात तिचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं : "बर्फावरचा मासा आनी गोड बोलनारा मानूस, दोनी उलटून बगावं."

संशय हा तिचा जोडधंदाच म्हणा ना! एसटीचा कंडक्टर घाईने घंटी मारतो, ते तिची पाटी चढू द्यायची नाही म्हणून. दवाखान्यातली नर्स हसून बोलली, म्हणजे आज सुई मोठी असणार. साखरेच्या आजाराच्या गोळ्या तर ती वर्षानुवर्षं अर्ध्याच घ्यायची. "गोलीनी साखर गेली तर गोलीवाल्यांनी खायाचं काय? म्हनून मी आर्दीच घेतंय."

माझं बाजाराजवळ चष्म्याचं दुकान आहे. पहिल्यांदा आली ती नवा चष्मा मागायला. मी नंबर तपासला आणि म्हटलं, "मावशी, नवा कशाला? जुन्याचा स्क्रू सैल झालाय, काचा ठीक आहेत." स्क्रू आवळून दिला. ती पायरीपर्यंत गेली, परत आली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दुकानात ओले बोंबील आले आणि मी तिचा भाचा झालो. अख्ख्या मुरुडात तिने ज्याला उलटून बघितलं नाही असा मी एकटाच. मला त्याची जरा मिजासही होती, खोटं कशाला बोलू!

म्हणूनच उजव्या डोळ्याचं ती आधी मला सांगायला आली. "भाच्या, डोल्यासमोर कालं धागं पवतान. जाल्याचं तुटलेलं धागं कसं पान्यात दिसतान, तसं. त्या बर्फात कायतरी घालतान बग." दिवस सुट्टीचे, पर्यटकांची गॉगल घ्यायला झुंबड. तिला साखर आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. मी नंबर काढला, थोडा बदलला होता, काच बदलून दिली. म्हणालो, "वयाचं आहे मावशी. बर्फाचा काही संबंध नाही." ती खूश होऊन गेली.

पुढे कित्येक महिने कुणाला काही कळलं नाही. बाईचा सगळा धंदाच बोटांवर आणि नाकावर. डोळा गेला तरी शिळी सुरमई तिच्या हातून निसटायची नाही. एकदा सुनेने, सुमनने, उजवीकडून चहाचा कप पुढे केला आणि मावशीचा हात कपाच्या पलीकडे चाचपडत राहिला. तेव्हा घर जागं झालं. पनवेलला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्यातला मागचा पडदा सुटलाय आणि सुटून फार दिवस झालेत. ऑपरेशन झालं, पण उजेड-अंधार कळण्यापलीकडे नजर आली नाही. डाव्या डोळ्यातही साखरेने तेच सुरू केलं होतं, त्याला आता लेझर लवकर करून घेणं भाग होतं.

पण मावशीने निकाल देऊन टाकला होता. "त्या डाक्तरनीनं मशीन लावून पडदा वढून काडला. आता दुसरा देऊ व्हय तिला?" सुमन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "तुमचंच ऐकतील त्या. डावा गेला तर काय करायचं हो आम्ही?"

मी गेलो. मावशी ओट्यावर जवळा निवडत बसली होती. मी समजावायला लागलो. साखरेने डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. मग पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात, त्या कच्च्या असतात, त्यांतून रक्त झिरपतं. त्यांच्याबरोबर पापुद्रा धरतो. जखमेची खपली कातडी ओढते ना, तसा तो आवळत जातो आणि पडदा जागचा ओढून काढतो. "डॉक्टरीणबाईंनी नाही ओढला मावशी. तो आधीच सुटला होता."

तिचा हात थांबला. "रगत झिरपतं तं दिसतं कसं?"

"काळं. ठिपके, धागे..."

बोलून गेलो आणि मग कळलं, आपण काय बोललो ते.

"म्हंजे धागं आलं तवा पडदा जाग्यावं होता?"

"बहुतेक होता."

"मी तुना दाकवलेलं, भाच्या."

अहो, सुटका होती मला. 'तुमचं वेगळं होतं' म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं. माझं सगळंच मान्य करायची ती. पण मग डॉक्टरीण चोर ठरली असती आणि डावा डोळाही गेला असता. मी म्हटलं, "हो. दाखवलं होतंत. तेव्हाच मी पडदा तपासायला पाठवायला हवं होतं. दुकानात गर्दी होती, मी काच बदलून मोकळा झालो. चूक डॉक्टरीणबाईंची नाही, माझी आहे."

ती डावा डोळा माझ्यावर रोखून बघत राहिली. मग सूप मांडीवर ओढून म्हणाली, "ऊठ. जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने ती सुमनला घेऊन पनवेलला गेली. पुढेही प्रत्येक तारखेला गेली. गोळी आता अख्खी घेते, असं सुमन सांगायची. डावा डोळा राहिला. त्या दिवसापासून माझ्याकडे कुणीही आलं, अगदी गॉगलला आलं तरी, मी आधी साखर विचारतो. लोक हसतात.

चार महिन्यांनी मावशी दुकानात आली, डाव्या डोळ्याच्या नव्या नंबरचा कागद घेऊन. मी स्वतः बसून चष्मा केला. तिने तो लावून तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तिने चष्मा उतरवला, दोन्ही काचा उजेडाकडे धरून उलटून पालटून बघितल्या आणि तो पदरात गुंडाळला.

"घालून जा ना मावशी," मी म्हटलं.

"पनवेलला जातंय. डाक्तरनीला दाकवतंय. ती बरोबर हाय बोलली, मंग घालीन."

पायरी उतरताना ती थांबली.

"येते, शेठ," म्हणाली.